मार्तंडरावांचा रेखांश

मार्तंडराव बक्षी समुद्रात कधी घोटाभरही उतरले नव्हते. तरी नागपूरच्या प्रताप नगरातल्या या निवृत्त हेडक्लार्कनं अठरा वर्षं खपून खलाशांसाठी पुस्तक लिहिलं! विषय, चंद्रावरून रेखांश कसा काढावा. चंद्र-सूर्यातला कोन मोजायचा, त्यावरून ग्रीनिचची वेळ काढायची, ती आपल्या वेळेशी ताडायची. झालं! कागदावर इतकं सोपं, की जुन्या खलाशांची कीवच यावी.

सोमवारी हस्तलिखित सदर भागातल्या छापखान्यात जायचं होतं. शनिवारी उत्तराबाईंनी नवऱ्याला सहज विचारलं, "अहो, तुम्ही स्वतः कधी मोजून पाह्यलं काय?"

कुठलं मोजतात! पण ऐट केवढी. म्हणाले, "उद्याच मोजतो. नागपूर नाही आलं, तर पुस्तक छापत नाही."

रविवारी दुपारी चारला अर्धा चंद्र वर आला आणि मार्तंडराव कोन मोजायचा सेक्स्टंट घेऊन गच्चीवर. तिथं उत्तराबाईंच्या माहेरच्या, भिवापूरच्या मिरच्या वाळत होत्या. मार्तंडरावांनी त्या दोन्ही हातांनी बाजूला सारल्या आणि त्याच बोटांनी डोळा चोळून सेक्स्टंटच्या दुर्बिणीला लावला. 'माझ्याइतका शहाणा मीच,' असं आता तेच सांगतात. आई गं! धारा लागल्या, एका चंद्राचे तीन झाले. पुस्तकाच्या दोनशे पानांत मिरचीचा उल्लेख कुठेच नव्हता. तरी पठ्ठ्यानं मधला चंद्र धरून कोन लिहिलाच.

संध्याकाळपर्यंत आकडेमोड चालली. कोन चुकला होता अंशाच्या साठाव्या भागानं, एवढुसाच. पण नकाशावर रेखांशाची रेघ नागपूर सोडून पूर्वेला सरकली आणि नेमकी भिवापुरावरून गेली.

अठरा वर्षं पाण्यात! वहीतला एक आकडा बदलला तर नागपूर येत होतं, आणि कुणाला कळणार होतं? त्यांनी खोडरबर उचललं. मागे उत्तराबाई हसल्या.

"काहून हसून राहिली वं?"

"खोडू नका. अठरा वर्षांपासून म्हणून राहिली, माह्या माहेरी चला. दरवेळी तुमचं गणित अर्धवट. आज पोचले एकदाचे."

मार्तंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खोडरबर खाली ठेवलं.

सोमवारी हस्तलिखित घरीच राहिलं आणि दोघं भिवापूरच्या बसमध्ये बसले. वाटेत मेहुण्याचा, वसंतचा फोन आला. "भाऊजी, आमचं नवं घर सापडते ना?"

साऱ्या जगाच्या खलाशांना वाट दाखवायला निघालेले मार्तंडराव हळूच म्हणाले, "नाही गा. स्टँडवर घ्याले ये."