हॉटेलवाल्याची बाजू

जर्मनीत एश्बॉर्नला आमच्या खालच्या मजल्यावर एक काका तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. मुलगा-सून सकाळीच ऑफिसला जात. माझा नवराही जाई, आणि मला अजून नोकरी नव्हती. काका वडिलांच्या वयाचे, तरी मला अहो-जाहो करत. जिन्यात माझी पावलं वाजली की दार उघडून विचारत, "बाहेर निघालात वाटतं?"

एका दुपारी त्यांच्याकडे टीव्हीवर हॉलिवूडचा जुना रहस्यपट लागला होता, जर्मन आवाजात. डोंगरातल्या एकाकी हॉटेलात एकेक पाहुणा मरत होता. माझ्या मोडक्या जर्मनच्या आधाराने मी काकांना गोष्ट सांगत होते. शेवटी खुनी निघाला हॉटेलचा मालकच.

"बिचारा," काका म्हणाले.

"बिचारा काय, काका! तीन माणसं मारली त्याने."

"ते वाईटच हो. पण पाहुणा बॅग भरायला लागला की त्याचा चेहरा कसा पडायचा, पाहिलंत ना?"

मी पाहिलं नव्हतं. मी उठून दाराशी चपला घालू लागले.

"चहा टाकू?" काकांनी घाईने विचारलं.

चहा नुकताच झाला होता. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.