डब्यावरची शीग

कल्पना करा, तुमचे दोन्ही हात कोपरापर्यंत मोठ्या घमेल्यात बुडालेत. आत शिया नावाच्या झाडाच्या भाजून दळलेल्या बियांचा तपकिरी लगदा. तो हातानं फेसायचा. खांदे भरून येतात, मान आखडते, पण थांबायचं नाही. थांबलात की सगळं वाया. मग कधीतरी लगदा पांढरा पडतो, हाताखाली फुगतो, आणि शेजारची बाई ओरडते, "आलं गं लोणी!"

सनातूमावशीच्या घमेल्यात ते सगळ्यांच्या आधी येतं. हे लोणी खायलाही चालतं, अंगाला लावायलाही. घानातल्या टामाले शहराच्या उत्तरेला आमचं गाव, आणि मावशी इथल्या बायकांच्या लोणी-गटाची म्होरकी. एका संस्थेच्या मदतीनं गटाला बिया दळायची चक्की मिळाली. ती मी चालवते. पण नुसत्या गावच्या बाजारावर चक्कीचं डिझेलही सुटेना. ती बंद पडायची वेळ आली, तेव्हा मावशी टामालेला गेली आणि तिथं साबण आणि लोण्याचे डबे विकणाऱ्या फुसेइनाताईंची ऑर्डर आणि त्यांचे रिकामे डबे घेऊनच परतली.

ठरल्या दिवशी सकाळी ताई टेम्पो घेऊन आल्या. बघतात तर एकाही डब्याला झाकण नाही. प्रत्येकावर लोण्याची उंच शीग, वर बोटानं वळवलेलं टोक.

"मावशी, झाकणं कुठायत?"

"बसतच नाहीत. चपटी दिलीत तुम्ही."

"अहो, शीग काढा की!"

"सपाट माप देऊ?" मावशी ताडकन उठली. "माझ्या आईनं भर बाजारात कुणाला सपाट वाटी दिली नाही. अझारा, तू देतेस का गं?"

गटातली अझारा हात फेसात ठेवूनच म्हणाली, "मी? मला याच गावात राहायचंय बाई!"

बायका खो खो हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. "उन्हात वितळून टेम्पोभर सांडेल. झाकण नसेल तर मी नेणार नाही."

मावशीनं एकदा चक्कीकडे पाहिलं. मग सुरी घेतली, एकेक शीग उतरवली, तिचा गोळा वळून पानात बांधला आणि सगळे गोळे टोपलीत रचून ताईंपुढे ठेवले.

"मी काय करू यांचं?"

"ज्याला डबा, त्याला गोळा. शीग गिऱ्हाइकाची. ती माझ्या घरात राहायची नाही."

आता ताईंना हसू आवरेना. डबे गेले, टोपलीही गेली.

परवा त्यांचा फोन आला. पुन्हा डबे हवेत, पहिल्यापेक्षा जास्त. मी चक्कीवरूनच ओरडून सांगितलं. बायकांनी टाळ्या पिटल्या, अझारानं तर फेर धरला. मावशी तेवढी लगदा फेसतच राहिली.

"ते झालं गं," ती म्हणाली. "पण गोळे गिऱ्हाइकांना दिले, की बाईनं स्वतःच्याच अंगाला चोपडले?"