गाठ तेवढी पुढं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांपुढे माझं तोंड उघडत नाही.

लातुरात माझे इंग्रजीचे क्लास आहेत. प्रिपोझिशन शिकावं तर या मॅडमकडेच, असं पालक म्हणतात. त्याचं कारण माझी पोत्याची गोष्ट. 'इन द शॉप' हे तीन शब्द म्हणजे तोंड बांधलेलं पोतं. उचलायचं तर अख्खं उचला, मग वाक्याच्या सुरुवातीला ठेवा नाहीतर शेवटी. आपल्या 'दुकानात'मध्ये गाठ, म्हणजे तो 'त', मागे असते; इंग्रजीत ती 'इन' होऊन पुढे येते. मुलांना हे लगेच कळतं.

ही गोष्ट माझी नाही.

तेव्हा मी उदगीरला दहावीच्या शिकवण्या घ्यायचे. नवीनच होते. 'इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर' असं पोरांकडून तालात घोकून घ्यायचे, कारण मीही तसंच घोकलेलं. त्याच्या पलीकडे मला तरी कुठे काय येत होतं? वर्गात महानंदा नावाची मुलगी होती, मोंढ्यातल्या भुसार दुकानदाराची. एकदा ती मध्येच उभी राहिली.

"मॅडम, हे शब्द येकटे हलतच न्हाईत. पोत्यावानी हाय हे. आपल्यात गाठ मागं असती, ह्यांच्यात गाठ तेवढी पुढं."

ती बरोबर बोलतेय की चूक, एवढंही मला कळेना. मग मी काय केलं? हसले. म्हटलं, पोतीच उचलायची असतील तर वडिलांच्या दुकानात जाऊन बस. सगळा वर्ग खिदळला. त्यानंतर तिने कधी काही विचारलं नाही.

एवढंच असतं तर — पण एवढंच नव्हतं. मी घरी जाऊन पुस्तकं चाळली. पोरगी बरोबर होती. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला तिची धास्ती वाटायला लागली.

निकालानंतर तिचे वडील आले. आमच्याकडे मुलीला पुढे शिकवायचं की नाही, हे बाप शेवटी शिकवणाऱ्यालाच विचारतो. कपाळाला विभूती, हातात पेढ्यांचा पुडा. "लातूरला ठिवावं म्हणतो. इंग्रजी घेऊन शिकायचं म्हणती. तुमी म्हणाल तसं."

एक 'हो' पुरला असता. मी म्हणाले, तिला इंग्रजी झेपायचं नाही. त्यांनी पेढे टेबलावर ठेवले, हात जोडले आणि गेले. पुढच्याच लग्नसराईत तिचं लग्न लागलं.

आणि पुढच्या बॅचला मी पोत्याची गोष्ट सांगितली. माझी म्हणून.

यंदा महानंदा क्लासवर आली, देगलूरच्या सासरहून, लेकीच्या ॲडमिशनला. माझा तास चालू होता, म्हणून दाराशी थांबली. मी नेमकी पोत्यावरच होते. ओळखलं तिला — तरी थांबले नाही, गोष्ट पुरी केली. तास सुटल्यावर तिने माझ्या पायाला हात लावला.

"किती सोपं करून सांगता, मॅडम. आमाला बी तुमी असंच सांगितलं असंल. माझंच डोकं चाललं न्हाई."

तिला खरंच आठवत नव्हतं.

मी 'हो' म्हणाले.