भावाची शिंक आणि भाचीची शाळा

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीतही कळलं नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. तेव्हा चुकांबद्दल आधीच माफी मागते. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. ही गोष्ट आठवली की मला एकटीलाच हसू येतं, म्हणून लिहून ठेवते आहे.

२००६ साली मी धाकट्या भावाकडे अमेरिकेत जाऊन राहिले होते. गावाचं नाव नोव्हाय. भाऊ मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, भावजय एका लॅबमध्ये कामाला, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, बारावीत. तिथे बारावी हे शाळेचं शेवटचं वर्ष. ते संपलं की मुलं झगा आणि चौकोनी टोपी घालून एकेक करून स्टेजवरून चालत जातात, हेडमास्तर हातात कागद देतात आणि खाली बसलेले आईबाप डोळे पुसतात. भाऊ म्हणाला, "ताई, तेवढं बघूनच जा." म्हणून माझं परतीचं तिकीट जुलैचं काढलं होतं. इतक्या लांब आले त्याचं मला एवढंच बघायचं होतं.

पण ती शाळा फार लवकर भरायची. आम्ही चहा पीत असू तेव्हा बाहेर रस्त्यावरचे दिवे जळत असायचे. घंटा झाल्यावर एक मिनिट जरी उशीर झाला तरी वर्गात घेत नसत. आधी हजेरीच्या ऑफिसात जायचं, तिथल्या बाई कारण विचारून कॉम्प्युटरमध्ये टाकणार, चिठ्ठी देणार, मग वर्ग. अशा चिठ्ठ्या ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाल्या की स्टेजवर चालायला मिळत नाही. पास झालात तरी कागद पोस्टाने घरी येतो.

हा नियम घरात सगळ्यांना माहीत होता. मला मात्र माहीत नव्हता, कारण मी कुणाला काही विचारत नसे. कुणी पाहुणे आले तरी मी ओट्यापाशीच बरी.

आता शिंकेचं सांगते. आमच्याकडे घरातून निघताना कुणी शिंकलं तर निघणारा माणूस थांबतो. थोडं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. एक शिंक वाईट. जोडीने दोन आल्या तर चांगल्या, त्यात निघायला हरकत नाही. आईने आम्हाला असंच वाढवलं. भाऊ एवढा शिकला, पण ताई घरात आहे म्हटल्यावर तोही थांबायचा.

एप्रिल महिना लागला आणि तिथल्या झाडांना मोहोर आला. गाड्यांवर पिवळी भुकटी साचायला लागली आणि भावाला शिंका सुरू झाल्या. भाची स्वतःची गाडी चालवत शाळेत जायची. तिच्यासाठी सकाळी त्याने गॅरेजचं दार वर केलं की एक यायची. मग लगेच दुसरी. मला बरं वाटायचं, जोडी झाली. तेवढ्यात तिसरी.

"आत्या, थ्री झाल्या," भाची दारातून म्हणायची. "आता काय?"

"आता बस घटकाभर."

ती लगेच दप्तर टाकून बसायची. तिच्या पिढीला हे पटत नसेल असं मला वाटायचं, आणि ही पोरगी इतकी ऐकते म्हणून मी मनात सुखावायचे. ती पाणी प्यायची. मग तव्यावरचं थालीपीठ बघून म्हणायची, "बसलेच आहे तर एक दे ना." मग लोणी मागायची. मग केस सरळ करायचं ते गरम यंत्र चालू राहिलंय म्हणून वर जाऊन यायची. भाऊ गॅरेजमधून ओरडायचा, "अगं, निघालीस का?" आणि तेवढ्या ओरडण्याने त्याला पुन्हा शिंक यायची.

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी भावजयीला लॅबमध्ये फोन आला. हजेरीच्या ऑफिसातल्या बाईंचा. त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, तुमच्या मिस्टरांची तब्येत आता कशी आहे, घरात मोठं आजारपण असलं तर शाळा काही मदत करू शकते.

भावजय घाबरली. तिने तिथूनच भावाला ऑफिसात फोन लावला. "तुला काय झालंय? मला का नाही सांगितलंस?"

"कुठे काय झालंय? मी मीटिंगमध्ये आहे."

"खरं सांग. शाळेत सगळ्यांना माहीत आहे आणि मला नाही?"

रात्री जेवायच्या टेबलावर सगळं उलगडलं. भाची रोज उशिरा जायची, बाई कारण विचारायच्या आणि ही सांगायची, वडील शिंकले. बाईंनी पहिल्यांदा सर्दी लिहिलं. नंतर नंतर बिचाऱ्यांनी आजारपण लिहायला सुरुवात केली.

"मी खोटं नाही बोलले," भाची म्हणाली. "तिने विचारलं, व्हाय आर यू लेट. मी म्हटलं, माय डॅड स्नीझ्ड. बाबा शिंकले होते की नाही?"

"शिंकलो होतो," भाऊ म्हणाला.

"तू तिची बाजू घेऊ नकोस," भावजय म्हणाली. "आणि तू गं, तुझा कधीपासून शिंकेवर विश्वास बसला? दिवाळीत आरतीला खाली ये म्हटलं तर होमवर्क असतो तुला."

"आत्याने सांगितलं बस, तर मी बसले. मोठ्यांचं ऐकायचं ना?"

भावाने तोंडापुढे पाण्याचा पेला धरला. त्याला हसू आवरत नव्हतं हे मला दिसत होतं. मला मात्र माझ्यापायी पोरीचं नुकसान होतंय की काय असं झालं. भावजयीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. ही तुमच्या आधीही उशिराच जायची. तेव्हा ट्रॅफिक असायचा."

दोन दिवसांनी शाळेने घरच्यांना बोलावलं. भावजयीला सुट्टी नव्हती. भाऊ म्हणाला, "ताई, तू चल. साक्षीदार लागेल." मी नको नको म्हणत होते, पण त्याने माझा कोट आणून हातातच दिला.

हजेरीच्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. अंगात फुलाफुलांचा स्वेटर, टेबलावर लिमलेटसारख्या गोळ्यांची बरणी. मी खुर्चीच्या काठावर बसले, भाची माझ्या शेजारी मान खाली घालून. भावाने इंग्रजीत सगळं समजावून सांगायला घेतलं. आमची पद्धत, आमची आई, एक शिंक, दोन शिंका. बाई भुवया वर करून ऐकत होत्या. आणि सांगता सांगता त्याला शिंक आली.

बाईंनी कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हटलं, "ब्लेस यू."

"थँक यू," भाऊ म्हणाला आणि पुढे बोलायला लागला.

मी त्याच्या बाहीला धरलं. "काय म्हणाल्या त्या?"

"इथे कुणी शिंकलं की समोरचा असं म्हणतो. देव भलं करो, असं काहीसं."

"मग?"

"मग काय? झालं. आपलं काम पुढे चालू."

"बसत नाहीत?"

"नाही गं ताई."

बाईंनी विचारलं, या काय म्हणतायत. भावाने सांगितलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, मला बरणीतली एक गोळी दिली आणि काहीतरी बोलल्या. भाऊ म्हणाला, "त्या म्हणतात, आम्ही बसलो असतो तर या देशात कुणीच कामावर पोचलं नसतं."

पण त्यानंतर त्या भाचीकडे वळल्या तेव्हा हसत नव्हत्या. झालेले उशीर पुसले जाणार नाहीत. आता शाळा संपेपर्यंत आणखी एकदा जरी उशीर झाला तरी स्टेजवर चालता येणार नाही. मग कुणी कितीही शिंको.

गाडीत भाची खिडकीबाहेर बघत बसली होती. घर आल्यावर मला म्हणाली, "आत्या, माझ्या सगळ्या फ्रेंड्स चालणार. मी एकटी घरी मेलबॉक्सपाशी उभी राहणार." तोपर्यंत मला वाटत होतं की तिला या गोष्टीचं काहीच नाही.

झगा आणि टोपीचे पैसे भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. भावजयीने साफ सांगितलं, "मी एक डॉलर देणार नाही. आधी वेळेवर जाऊन दाखव. घरी कागद आला तर काय झगा घालून पोस्टमनसमोर उभी राहशील?" भावाचं बायकोपुढे काही चाललं नाही. मला भावाने हातखर्चाला डॉलर दिले होते, त्यातले फारसे खर्च झालेच नव्हते. कुठे आणि कुणाशी बोलून खर्च करणार? मी ते पाकीट घेऊन भाचीच्या खोलीत गेले.

"आत्या, नको. मी लेट झाले तर वेस्ट जातील."

"मग होऊ नकोस."

"आय विल पे यू बॅक. प्रॉमिस."

"दे की. फुकट नाहीच देत मी," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं. बक्षीस म्हणून दिले असते तर तिने घेतले असते आणि झोपली असती.

मग तिने आइस्क्रीमच्या दुकानात शनिवार-रविवारचं काम धरलं. सकाळी गजर लावायला लागली, कपडे रात्रीच काढून ठेवायची. भावजयीने भावाला शिंकेवरची गोळी सुरू केली आणि मुलगी स्वतः दार उघडून गाडी काढेपर्यंत गॅरेजकडे फिरकायचं नाही अशी ताकीद दिली. तो बिचारा सकाळी नाकाला रुमाल लावून तळघरात जाऊन बसायचा. शेवटचा आठवडा येईपर्यंत सगळं ठीक चाललं.

त्या आठवड्यात एका रात्री वादळ झालं. मला सवयीने पहाटे जाग आली. खाली आले तर मायक्रोवेव्हवर आकडे नुसते उघडझाप करत होते. रात्री वीज जाऊन परत आली होती. बाहेर बघितलं तर चांगलंच फटफटलेलं आणि रस्त्यावरचे दिवे विझलेले. मी जिना चढून तिच्या खोलीत गेले. तिचं घड्याळही तसंच डोळे मिचकावत होतं आणि ही पांघरुणात.

"ऊठ गं, ऊठ. उजाडलं."

ती उठली आणि धावायला लागली. केस तसेच, पायात दोन रंगांचे मोजे. मी रात्रीचं थालीपीठ कागदात गुंडाळून तिच्या हातात कोंबलं. जिन्यावर भावजय तोंडात ब्रश धरून उभी. भाऊ गॅरेजमध्ये धावला, कारण त्याची गाडी हिच्या गाडीच्या मागे आडवी लागली होती. गोळी घ्यायची राहिली होती. दार वर गेलं आणि त्याला शिंक आली.

एक.

आम्ही तिघीही जिथे होतो तिथे थांबलो. दुसरीची वाट बघत होतो. सारा एप्रिल कधी तीनच्या खाली न थांबणारा माणूस, त्या दिवशी नेमका एकीवर थांबला.

भाचीचा हात दाराच्या मुठीवर होता. ती माझ्याकडे वळून बघायला लागली. आधी बसायला मिळावं म्हणून बघायची, तशी नाही. तिला खरंच भीती वाटत होती. आज निघावं की नाही हे तिला कळत नव्हतं आणि ते माझ्याकडून हवं होतं. मला आईची आठवण झाली. बस म्हणावं, दोन घोट पाणी पी म्हणावं, असं जिभेवर आलं होतं.

मी म्हटलं, "ब्लेस यू." आवाज नको इतका मोठा निघाला.

गॅरेजमधून भाऊ म्हणाला, "थँक यू, ताई."

भावजयीच्या तोंडातून ब्रश पडला. भाची हसत सुटली आणि हसतच गाडीत जाऊन बसली. मला म्हणाली, "येते, आत्या." त्या घाईतही जाते म्हणाली नाही.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. कणीक दोनदा मळली. दुपारी गाडीचा आवाज आला तेव्हा मी दारातच उभी होते. ती उतरली आणि म्हणाली की घंटा वाजत असताना ती आत शिरली. हजेरीच्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, त्यांनी घड्याळाकडे बघितलं, हिच्या मोज्यांकडे बघितलं आणि वर्गाकडे बोट दाखवून पळ म्हणाल्या.

जूनमध्ये शाळेच्या मैदानावर तो सोहळा झाला. निळा झगा तिला पायघोळ झाला होता आणि टोपी सारखी एका कानावर घसरत होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा भावजयीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. भाऊ फोटो काढता काढता शिंकला आणि आमच्या पुढच्या ओळीतल्या चार अनोळखी माणसांनी एकदम त्याला आशीर्वाद दिला.

भावजयीने नंतर माझ्या हातात पैसे ठेवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "ते तिचे आणि माझे आहेत." भाची दर रविवारी दुकानातून आली की थोडे थोडे आणून द्यायची. हाताला व्हॅनिलाचा वास यायचा आणि नोटाही चिकट असायच्या. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी ती आली, माझ्या बॅगेवर बसली आणि राहिलेले सगळे समोर मांडले. त्यात बरीचशी चिल्लर होती.

"मोजून घे, आत्या."

मी मोजले. पुरे होते.