निशाण पुढं, मोटर मागं

माझ्या बायकोनं सेहेचाळीस वर्षं माझी फक्त पाठ बघितली. बाजार असो, लग्न असो, दवाखाना असो, मी पुढं आणि सुशीला वीस पावलं मागं. "अहो, जरा हळू," ती म्हणायची. "तू पाय उचल," मी म्हणायचो. मागं वळून बघायचं असतं, हे मला शाळेत शिकवलं नाही. (मी चौथीत शाळा सोडली. पाचवीत असेल कदाचित.)

गेल्या साली मात्र ती पुढं गेली. मग मुलानं, नितीननं, मला गावाकडून उचलून इथं न्यूझीलंडला, अप्पर हट नावाच्या गावात आणून ठेवलं.

शेजारी ग्रॅहम. माझ्याच वयाचा, पण बारा महिने हाफ चड्डीत. त्याच्या शेडात आज्याची मोटर आहे. शंभर वर्षांपूर्वी तो आजा ती समुद्राच्या वाळूवर शर्यतीत पळवायचा म्हणे. तेव्हा लोकांना वेगाचं भलतंच वेड. बायका डोळे झाकायच्या आणि बोटांच्या फटीतून बघायच्या. त्याच्याही आधी विलायतेत लोक मोटरीला इतके भ्यायचे, की तिच्या पुढं लाल निशाण घेऊन माणूस चालवायचा कायदा होता!

आता ग्रॅहम कायमचा लेकीकडं ख्राइस्टचर्चला निघालेला, आणि मोटर म्युझियमला. जायच्या आधी गावातल्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत ती एकदा स्वतःच्या चाकांवर शेवटपर्यंत जावी, एवढीच त्याची इच्छा. शेजारच्या सीटवर माझी नात इरा. पुढं निशाणवाला हवा.

"माय आजोबा वॉक्स हीप्स," इरा म्हणाली. (हीप्स म्हणजे इथल्या बोलीत ढीगभर. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.)

ग्रॅहमनं हळू चालायला सांगितलं. गाडी बंद पडली तर हँडल मारावं लागतं, आणि त्याचा खांदा गेलेला.

"एवढंच ना?" मी म्हटलं.

निशाणाला लाल कापड घरातच निघालं. मागच्या खेपेला सुशीलानं ओटीत आलेले तीस ब्लाउजपीस इथं आणून ठेवले होते, कुणाची ओटी भरायला लागली तर असावेत म्हणून. (अप्पर हटमध्ये ती कुणाची ओटी भरणार होती, देव जाणे.) त्यातला लाल मी झाडूच्या दांड्याला बांधला.

मिरवणूक निघाली. सगळ्यात शेवटी आम्ही. मी निशाण उचललं आणि चालायला लागलो. माझ्या मते हळूच. दोन्हीकडची माणसं टाळ्या वाजवायला लागली, तशी छाती पुढं आली. छाती पुढं आली की पाय ऐकत नाहीत. कोपऱ्यावरच्या डेअरीतली बाई बाहेर येऊन हसली. मी निशाण आणखी उंच केलं. लोक हातवारे करत होते, मीही सगळ्यांना नमस्कार करत होतो.

पार शेवटाला पोचलो आणि थाटात वळलो. मागं मोटर नव्हती. मागं एक म्हातारी होती, बसून चालवायच्या बॅटरीच्या गाडीवर.

"तुम्ही इथं काय करताय?" मी मराठीत विचारलं. तिनं निशाणाकडं बोट केलं. तिला वाटलं, निशाणाच्या पुढं जायची बंदी आहे. अख्खा रस्ता बिचारी माझ्या मागं शिस्तीत आली होती.

मी उलटा पळालो. मोटर निघाली तिथून पन्नास पावलांवर बंद. मला गाठायला ग्रॅहमनं वेग वाढवला आणि इंजिन गुदमरलं. तो खांदा धरून उभा. डोळे पुसत होता. धूर गेला असेल.

"सॉरी," मी म्हटलं. माझं अर्धं इंग्रजी त्यात संपलं.

इरा वरून बघत होती. "यू नेव्हर लुक बॅक, आजोबा. आजी टोल्ड मी."

निशाण तिच्या हातात दिलं, आणि मोटरीचं हँडल धरलं. गावी बावीस वर्षं पिठाच्या गिरणीचं इंजिन मी हँडल मारूनच चालू केलंय. तिसऱ्या झटक्याला मोटर खोकली आणि धडधडायला लागली. ग्रॅहम नुसताच माझ्या पाठीवर थापटत राहिला.

मग निशाण परत घेऊन निघालो. दर तीन पावलांना मागं बघत. एकदा रस्ता अडवायला ठेवलेल्या नारिंगी टोपीवर आपटलो, एकदा बँडवाल्याच्या ढोलावर. पण पोचलो. मंडप सोडायला लागले होते, खुर्च्या उचलल्या होत्या. टाळ्या वाजवायला एकटी बॅटरीवाली म्हातारी. ग्रॅहम मात्र शर्यत जिंकल्यासारखा उतरला.

ब्लाउजपीस धुऊन परत गठ्ठ्यात ठेवला. आता डेअरीत दूध आणायला जातानासुद्धा मी थांबून मागं बघतो. "हू आर यू वेटिंग फॉर?" इरा विचारते.

सगळ्या गावात माझ्या चालीला तोड नव्हती. नुसती मान मागं वळवायला तेवढी सत्तेचाळीस वर्षं लागली.