खोपी गाईपाशी गेली

मेडशीच्या वरच्या बरड माळावर उन्हाळ्यात कोणी राहत असेल, तर ती बेबीबाई. होळी झाली की तांड्यातली आपली ढोरं हाकत ती वर चढायची. तिथं डोहाला पाणी, पळसाची सावली अन् तुराट्यांच्या कुडाची तिची खोपी. पाऊस लागेपर्यंत तिला खालचं माणूस आठवायचं नाही. माणसांचीच तिला मुळात शिसारी, शेणाची कधी नाही.

यंदा तिनं खोपीच्या दाराची ताटी सारली आणि पदर नाकाला लावला. आत कोणाचा तरी वाढदिवस होऊन गेला होता. केकचं पांढरं मेढीच्या खांबाला फासलेलं, त्यावर मुंग्या. कोंबडीची हाडं, बुरशीनं हिरवा झालेला उष्टा भात, बाटल्या. आणि कोणीतरी चुलीत ओकलं होतं. चुलीत!

कोणाचा वाढदिवस, ते शोधावं लागलं नाही. कुडावर चमकीच्या अक्षरांत दिराच्या पोराचं, नवीनचं नाव लटकत होतं.

तिनं हाडं वेचली, चूल फोडली, भुई शेणानं सारवली, वाळल्यावर पुन्हा सारवली. पण चांदी, तिची पहिलारू कालवड, दाराशी यायची, फुरफुरायची अन् मागं फिरायची. कास तटतटलेली, शेपटीजवळची हाडं सैल पडलेली. आजची रात्र काही ती व्यायल्याशिवाय काढत नव्हती. आणि बरडावर बिबट्या फिरत होता. मागच्या साली त्यानं तांड्यातल्या रामकिसनचं पारडू नेलं. आपण तेव्हा जागाच होतो, असं रामकिसन अजून सांगतो. उघड्यावर झालेलं वासरू सकाळ बघणार नव्हतं.

बेबीबाईनं सरकीची ढेप दाखवली, चुचकारलं, शेवटी दोर लावून ओढलं. चांदी मोहाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली ती राहिलीच.

मग बेबीबाईनं फोन लावला. नवीन आणि त्याचे दोस्त मोटारसायकलींवर आले. नवीन हसत म्हणाला, "एवढंच ना मोठीमाय? झाडून टाकतो."

"झाडू नको. उचल."

"काय उचलू?"

"खोपी. तुले वास येत नाई, तिले येते. गाय खोपीत येत नाई, त खोपी गाईपाशी जाईन."

पोरं हसली. बेबीबाई हसली नाही, तशी एकेकानं बाह्या वर केल्या. मेढी उपटल्या, कुड वाहिले, गाईच्या चहूबाजूंनी खड्डे खणून उभे केले. केक लागलेली मेढ तिनं घेऊ दिली नाही. चुलीचे तुकडे मात्र त्यांनाच लांब नेऊन गाडायला लावले. एकाला उमळून आलं, तर म्हणाली, तुमचाच माल हाय, आपल्याच मालाची कायची किळस?

चांदी मधोमध रवंथ करत उभी, जसा तिच्याच लग्नाचा मांडव घातला जात होता. अंधारायच्या आत ताटी लागली आणि थोड्याच वेळात वासराचे खूर दिसले.

वासरू धडपडत उभं राहिलं, तसा नवीन फोटो काढायला पुढं सरकला. चांदीनं शिंगं खाली घातली. त्यानं शेणानं भरलेले आपले हात पाहिले अन् म्हणाला, हात धुऊन येतो.

"शेण राहू दे," बेबीबाई म्हणाली. "ते अंगाले वासाचं फुसफुस मारलं ना, ते धुऊन ये. अन् डोहात उतरू नको. ढोरं पाणी पेतात तिथं."