वारा सुटेपर्यंत

माझी वहिनी कासिमिरा हिने कुणाकडे तोंड उघडून काही मागितल्याचं मला आठवत नाही. माझा भाऊ गंधकाच्या खाणीपायी खोकून खोकून गेला, तेव्हाही नाही. गावाच्या लॉजमधल्या त्याच्या वाट्याच्या दोन खोल्या तेवढ्या तिने धरून ठेवल्या. मीठसरोवराकडून जीपने येणारे प्रवासी एक रात्र राहून पुढे जात. त्यांच्या चादरी गोठत्या पाण्यात धुऊन तिची बोटं वाकडी झाली, पण त्या खोल्यांवर तिने लेकीला, योवानाला, कोचाबाम्बा शहरात ठेवून शिकवलं.

आमच्याकडे रीत आहे. पाळी येईल त्या घराने वर्षभर गावात राहून कारभार बघायचा, तरच लॉजमधला वाटा राहतो. म्हातारं माणूस चालत नाही. घरातल्या तरुणाने सभेत उभं राहून स्वतःच्या तोंडाने 'करतो' म्हणायचं. यंदा पाळी वहिनीची होती. योवाना फोनवर म्हणाली, "येते गं आई. सभेला उभी राहते मी."

आली, पण तीन मित्रांना घेऊन, भाड्याच्या जीपने. सभेच्याच दिवशी सकाळी त्यांना हिरवा तलाव बघायचा होता.

"तू पण चल आई. आत्या, तू पण. जन्म इथे गेला तुमचा, कधी फिरलात का?"

"कळपातला लामा हरवला की फिरतो," मी म्हटलं. पोरं हसली. दुपारच्या आत परतायचं असं ठरलं, म्हणून आम्ही दोघी मागे बसलो.

तलावाशी पोचलो तर पाणी राखेसारखं करडं. त्यात लिकांकाबूर डोंगर उलटा पडलेला. फाबिओला नावाची मुलगी हिरमुसली.

"हिरवा कुठाय?"

"वारा सुटला की होतो," ड्रायव्हर विल्बर म्हणाला. "दुपारच्या सुमाराला."

"मग थांबू या!"

वहिनीने सूर्याकडे बघितलं. लेकीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "सभा दुपारची आहे, बाळ."

"माहितीये गं. थोडंच थांबू. एवढ्या लांबून आलेत ते."

तिचा मित्र माउरो चांगला मुलगा होता. त्याने ऐकलं. "मावशी, काही काम आहे का? निघू या हवं तर."

"छे रे," योवाना म्हणाली. "गावची सभा! ती कधी वेळेवर सुरू होते?"

"वेळेवरच होते," मी म्हटलं. "आणि तुला ते ठाऊक आहे."

"आत्याचं ऐकू नका. ती लग्नालासुद्धा आदल्या दिवशी जाऊन बसते."

पुन्हा सगळे हसले. मुलं दगडांवर दगड रचून फोटो काढत बसली. विल्बरने दोनदा इंजिन चालू करून बंद केलं. वहिनी चाकाला टेकून बसली आणि पिशवीतून कोकाची पानं काढून चघळू लागली.

"बोल ना तिला," मी म्हटलं. "तुझी लेक आहे."

"तिला सांगायला हवंय का, वन्सं?"

ऊन डोक्यावर आलं आणि वारा सुटला. पाणी काठापासून आत हिरवं होत गेलं. त्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही, विषारी आहे, पण दिसायला सुरेख. पोरं नाचायला लागली. योवाना मात्र जागेवरच उभी होती. तिने एकदा सूर्याकडे बघितलं आणि परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखा श्वास सोडला. ते मी बघितलं. वहिनीनेही बघितलं.

परतताना विल्बरने जीप अशी हाणली की आमची डोकी छताला आपटत होती. गावात शिरलो तेव्हा सभा संपून लोक शाळेतून बाहेर पडत होते. माझा नवरा आमचीच वाट बघत उभा होता.

"नाव पुकारलं," तो म्हणाला. "मी म्हटलं, येतायत, जरा थांबा. थांबलेही. मग निकानोरच्या सुनेने हात वर केला. आमचं घर करतं म्हणाली. खोल्या त्यांच्याकडे गेल्या."

योवानाचे डोळे भरले. "आई, वाऱ्याने घात केला गं! मी तर येणारच..."

"नाही करत म्हणाली असतीस," वहिनी म्हणाली, "तरी मी तुला जेवायला वाढलंच असतं."

माउरोने काय झालं म्हणून विचारलं. त्याला कुणीच सांगितलं नाही.

वहिनी लॉजमधल्या खोलीत गेली, चूल पेटवली. किनवा धान्याच्या सूपमध्ये सुकं मांस टाकलं, बटाटे टाकले. चौघांना वाढलं, लेकीच्या वाडग्यात मांस जरा जास्तच.

"मावशी, काय चव आहे!" फाबिओला म्हणाली आणि मोबाइलमधला तलाव तिच्यापुढे धरला. "बघा, किती हिरवा आलाय!"

"हो, आलाय खरा."

इतक्यात निकानोरची सून दारात येऊन उभी राहिली. उंबरा ओलांडला नाही, पण नजर सगळ्या खोलीभर फिरवून घेतली. कोपऱ्यातल्या, प्रवाशांसाठीच्या गाद्यांच्या चळतीकडे बोट दाखवून म्हणाली, "कासिमिरा, गाद्या तुझ्या की गावाच्या?"

योवानाचा चमचा थांबला. ती आईकडे बघू लागली.

वहिनीने माउरोला आणखी एक पळी सूप वाढलं.

"आज पाहुणे आहेत," ती म्हणाली. "उद्या ये."